खुंटीची कावीळ

त्या खुंटीला काही आजार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या नांदेडच्या घरात मधल्या खोलीत ती आहे. सागवानी, जुन्या वाड्यातून काढून आणलेली. माझी टोपी, छत्री आणि बाजाराची पिशवी एवढाच तिचा प्रपंच. गेल्या श्रावणात तिच्या गळ्यात मी काविळीची माळ घातली, तेव्हा सूनबाईनं मुलाकडे बघितलं आणि मुलानं माझ्या औषधाच्या डबीकडे.

माळ खरं तर आली होती मुक्तासाठी. मुक्ता माझी नात, सातवीतली. चार दिवस बारीक ताप, जेवणावरची वासना उडालेली, फोडणीचा वास आला की ओकारी. मग लघवी कोऱ्या चहासारखी, आणि पाचव्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लागल्यासारखा. दवाखान्यात रक्त तपासलं. हिपॅटायटीस ए. डॉक्टर म्हणाले, आराम, पचेल ते पोटभर जेवण, आणि मनानं कुठली गोळी द्यायची नाही. पोर गुंगीत जायला लागली, काहीबाही बरळायला लागली किंवा कुठून रक्त आलं, तर मात्र रात्र की पहाट बघत बसू नका.

संध्याकाळी शेजारच्या कौसल्यामावशी माळ घेऊन आल्या. त्यांचे वडील कंधारकडच्या खेड्यात माळ द्यायचे. तो हात मावशींकडे आला. पैसा घेत नाहीत, घेतला तर गुण जातो म्हणतात. हिरव्या काटक्यांचे नखभर तुकडे, पांढऱ्या दोऱ्यात एकेक गाठवलेले. माळ आधी डोक्यावर बसते. दिवस जातील तशी लांबते, गळ्यात उतरते, पोटापर्यंत आली की कावीळ उतरली.

मी म्हटलं, "मावशी, अजून एक करा ना, अशीच."

"कुणाला हो गुरुजी?"

"मलाच जरा पिवळं पिवळं दिसायलंय."

मावशींनी माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. बोलल्या काहीच नाहीत, पण करून दिली. ती मी खुंटीला घातली. मुक्ताच्या हातात शिवणाच्या डब्यातली टेप दिली आणि सांगितलं, रोज सकाळी दोन्ही माळा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी दोन्ही बावन्न सेंटिमीटर.

आजारी लेकराला दोन गोष्टी लागतात, पेज आणि गोष्ट. पेज सूनबाईकडे होती.

पहिल्या रात्री मी तिला मोंढ्यात नेलं. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. निजामाचं राज्य गेलं त्या साली, १९४८मध्ये, माझा जन्म; म्हणजे माझं बालपण तुरीच्या पोत्यांवर लोळण्यात गेलं. "हे बघ माय," मी म्हटलं, "खेड्यातून निघालेली तूर थेट पेठेत जाते का? नाही. आधी मोंढ्यात उतरते. तिथं चाळणी, माप, भाव. काही लगेच पुढं जाते, काही गोदामात पडते, खडे-माती बाजूला. तुझ्या पोटातही तसंच आहे. आतड्यानं शोषलेलं अन्न अंगभर हिंडत सुटत नाही. एका जाड शिरेतून ते आधी यकृतात येतं. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात, आपण मोंढ्याचा रस्ता म्हणू."

उजव्या बरगड्यांखाली सव्वा-दीड किलोचा हा मोंढा. मोठ्या माणसाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं, आणि त्यातला पाऊण हिस्सा याच रस्त्यानं येतो. साखर आली की तिची थप्पी लावून ठेवायची, पहाटे पोट रिकामं असलं की थोडी थोडी सोडायची. रक्त गोठायला लागणारी द्रव्यं इथंच तयार होतात. औषध असो, दारू असो, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष असो, निवडायला इथंच येतं. मराठीत आपण काळीज म्हणजे हृदय धरून बसलो, पण खाटकाकडे कलेजी मागा, तो यकृतच देईल. शब्दाचा खरा अर्थ त्यानं सांभाळून ठेवलाय.

"मग मी पिवळी का?"

भंगारामुळं. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगतात. दर सेकंदाला वीसेक लाख पेशी मोडीत निघतात आणि त्यांच्या मोडीतून एक पिवळं द्रव्य उरतं, बिलिरुबिन. यकृत ते पित्तात घालून आतड्याकडे रवाना करतं. मोंढ्यात हमाल आजारी पडले की भंगार रस्त्यावर साचतं. डोळ्यांत, कातडीत, लघवीत उतरतं. विष्ठा मात्र पांढुरकी होते, कारण रंग तिकडे पोचतच नाही. म्हणजे कावीळ हा आजार नव्हेच, मोंढ्याच्या फाटकावर लागलेली पाटी आहे. काम बंद. का बंद, ते आत जाऊन बघायचं.

मध्येच मुक्ताच्या आजीनं वरणातली हळद बंद केली. पिवळ्यानं पिवळं वाढतं म्हणे. वसमतच्या हळदीवर अर्धा मुलूख जगतो आणि तिच्यावर हा आळ! मी वकिली केली. खटला हरलो. बारा दिवस घरभर पांढरं वरण.

दुसऱ्या रात्री चोर. हिपॅटायटीस एचा विषाणू किती बारीक? सत्तावीस नॅनोमीटर. आता हा आकडा सातवीतल्या पोरीलाच काय, मलाही दिसत नाही. म्हणून घरातून ज्वारीचा दाणा आणला. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे विषाणू खांद्याला खांदा लावून उभे केले, तर सुमारे दीड लाख मावतील. अमेरिकेत फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल या तिघांनी १९७३ साली तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला. यातला पर्सेल लक्षात ठेव, मी म्हटलं, तो पुढं पुण्याच्या गोष्टीत येणार आहे.

हा चोर विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात येतो. फार लहान पोरांना तो गाठतो तेव्हा बहुधा डोळेही पिवळे होत नाहीत. दोन दिवस कुरकुर आणि झालं. माझ्या पिढीला तो असाच गुपचूप येऊन गेला. आता शहाण्यासुरत्या घरांतून फिल्टरचं पाणी आलं, तशी लेकरं त्याच्यापासून वाचून मोठी होतात आणि मग एखाद्या दिवशी शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्यातून तो भेटतो. मुक्तानं गोळा खाल्ल्याचं तिथंच कबूल केलं. आणि काविळीच्या माणसाला आपण काय पाजतो? रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फ घालून. ऊस बिचारा निर्दोष आहे. बर्फाची हमी कोण देणार?

आता दिल्लीची गोष्ट. ही मला सगळ्यात आवडते, कारण हिच्यात पोलीस हुशार असूनही पंचवीस वर्षं चुकीचा चोर धरून बसले होते.

१९५५चा पावसाळा. यमुनेला मोठा पूर येऊन गेला आणि उतरताना नदीनं पात्र बदललं. वजिराबादला (आपल्या नांदेडातलं नव्हे, दिल्लीतलं) शहरासाठी पाणी उपसायचं केंद्र होतं आणि त्याच्या जरा खाली नजफगडचा नाला नदीला मिळत होता. अख्ख्या वस्तीचं सांडपाणी वाहणारा नाला. पात्र सरकलं तसं नाल्याचं पाणी उलटं चढलं आणि उपशाच्या तोंडाशी आलं. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. गंमत बघ, टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. जिवाणू मेले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि मग डिसेंबरात, चार-सहा आठवड्यांनी, कावीळ सुरू झाली. जानेवारीच्या मध्यापर्यंत सुमारे एकोणतीस हजार तीनशे माणसं पिवळी झाली होती. गढूळ पाण्यात लपून विषाणू क्लोरीनच्या नाकाखालून निघून गेला होता.

सगळे म्हणाले, पाण्यातून आली ना, मग ही हिपॅटायटीस ए. पाठ्यपुस्तकांतही तेच. पण कुणीतरी शहाण्या माणसांनी त्या रुग्णांच्या रक्तद्रवाचे नमुने गोठवून ठेवले होते. रक्तद्रव म्हणजे पंचनामा. भाषा कळेपर्यंत तो तसाच पडून राहतो.

ती भाषा आली पंचवीस वर्षांनी. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघालं होतं, १९७८पासून त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. तिथल्या संचालक खोर्शेद पावरी, या पदावरच्या पहिल्या बाई. त्यांचे सहकारी श्रीनिवासन आणि प्रसाद. आणि अमेरिकेतून आपला पर्सेल आणि वोंग. दिल्लीचे जुने नमुने, शिवाय अहमदाबादच्या साथीतले आणि पुण्यातले काविळीचे नमुने त्यांनी तपासले. युक्ती अशी. विषाणू नुकताच आला असेल तर रक्तात एका जातीची प्रतिपिंडं असतात, तो जुना पाहुणा असेल तर दुसऱ्या जातीची. या बहुतेक रुग्णांच्या रक्तात एची जुनी खूण होती, नवी नव्हती. म्हणजे लहानपणीच ए होऊन गेलेला. तो पुन्हा होत नाही. बी पण नव्हता. १९८० साली त्यांनी छापलं की हा कुणी तिसराच आहे.

"मग चोर सापडला?"

"नाही. आधीचा सुटला. खटल्यात तेही मोठंच काम असतं."

त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हाच चोर हुडकत होते. १९७८च्या हिवाळ्यात तिथं खेड्याखेड्यांतून कावीळ पसरली. सुमारे बावन्न हजार आजारी, सतराशे मृत्यू. खुरूंना दिसलं की मरणाऱ्यांत गर्भार बायका विचित्र प्रमाणात जास्त आहेत. ए असं करत नाही.

शेवटी चोराला तोंड दाखवायला लावलं ते मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञानं. अफगाणिस्तानातल्या सोविएत सैनिकांत कावीळ पसरली होती. बालायाननं काय करावं? रुग्णांच्या विष्ठेपासून काढलेला अर्क स्वतः प्यायला.

"ई! आबा!"

छत्तिसाव्या दिवशी तो पिवळा झाला. त्याला ए आधीच होऊन गेला होता, म्हणून हा नवा चोर हे नक्की. स्वतःच्याच विष्ठेत त्यानं तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. १९८३ साली हे छापून आलं. पुढं १९९०मध्ये त्याची जनुकं हाती लागली आणि त्याला नाव मिळालं, हिपॅटायटीस ई. (मुक्ताला मी बजावलं, यातलं काहीही घरी करून बघायचं नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी सांगायलाच नको होतं.)

नाव मिळालं तरी कोडं सुटलं नाही. पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या चमूनं वर्षानुवर्षं हा ई तपासला. ए आणि ई एकाच पाण्यातून येतात. मग एची खूण लहान पोरांतच दिसते आणि ईची तरुणपणी, असं का? त्यांनी डुकरंही तपासली. त्यांच्यातही ई निघाला, पण आपल्याकडच्या माणसांतला वाण वेगळा आणि डुकरांतला वेगळा. गर्भार बाईला, त्यातही शेवटच्या महिन्यांत, हाच ई इतका का झोंबतो, पाचातली एक दगावावी इतका, याचं पुरतं उत्तर अजून जगाकडे नाही. मुक्ताची काकू सात महिन्यांची गर्भार होती. ए ज्या पाण्यानं आला त्याच पाण्यानं ई येऊ शकतो. म्हणून त्या श्रावणात आमच्या घरात काकूचं पाणी वेगळ्या पातेल्यात खळखळून उकळत होतं, आणि पातेल्याला हात लावायची परवानगी फक्त आजीला होती.

पाण्याचं नाव निघालं की लातूरकराचा घसा दाटतो. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मी फलाटाबाहेरच्या गर्दीत होतो. कृष्णेचं पाणी रुळांवरून आलेलं बघून म्हातारी माणसं हात जोडत होती. पण मला शिक्षकी खोड. मला दिसत होता नळ. ज्या नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पाणी नसतं, ती जमिनीखालची नळी रिकामी असते. रिकामी नळी ओढून घेते. शेजारून गटार जात असेल आणि सांध्याला चीर असेल, तर ती बाहेरचं आत चोखते. मग पाणी सुटतं तेव्हा पहिला लोट तेच घेऊन येतो. टंचाई म्हणजे नुसतं कमी पाणी नव्हे, घाण पाणीसुद्धा. धरण भरलं की बातमी होते, सांधा बदलला की होत नाही.

दहाव्या दिवशी मुक्ताला भूक लागली. साधीसुधी नाही, भाकरी-पिठल्याची. डोळे निवळायला लागले. माळ गळ्याखाली उतरली होती.

"आबा, माळेनं बरं वाटलं का यकृतानं?"

म्हणून त्या रात्री यकृताची शेवटची खुबी. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांच्या यकृताचे दोन तृतीयांश भाग काढून टाकले. थोड्याच आठवड्यांत वजन पुन्हा जिथल्या तिथं. कापलेली फांदी फुटत नाही; उरलेला भागच फुगून वाढतो, घाट बदलतो पण माल मावतो. आणि पुरेसं झालं की थांबतं. कुणी सांगितलं थांब म्हणून? शास्त्रज्ञ अजून त्या निरोपाचे धागे उलगडतायत. या गुणामुळंच जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला देऊ शकतो. २०१२च्या ऑगस्टमध्ये विलासराव देशमुख चेन्नईच्या रुग्णालयात यकृत आणि मूत्रपिंडाच्या आजारानं गेले, तेव्हा यकृत बदलता येतं ही गोष्ट आमच्या लातूरच्या पारावर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकली.

ए आणि ई झालेली बहुतेक माणसं आपसूक बरी होतात. शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. मोंढा स्वतःच हमाल उभे करतो. आता अशा आजारावर कुणी माळ घालो, कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवो (आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लावला की निवळी पिवळी होते, ते अंधश्रद्धा निर्मूलनवाले भरसभेत करून दाखवतात), शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं त्याचं नाव घेत घरी जाणार. मी मावशींना लबाड म्हणणार नाही. त्यांनी डोळ्यांनी माणसं बरी होताना बघितली आहेत. फक्त त्यांनी खुंटीला माळ कधी घातली नव्हती.

एक गोष्ट मात्र मी मुक्ताला अर्धीच सांगितली. यकृताचा हा सोशिकपणाच कधी घात करतो. सालगडी तक्रार करत नाही म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. हिपॅटायटीस बी आणि सी रक्तातून येतात. न उकळलेली सुई, न तपासलेलं रक्त, बाळंतपणात आईकडून बाळाला. बी बाळपणी आला तर बहुतेकदा मुक्काम ठोकतो आणि वीस-तीस वर्षं चूं करत नाही. रोज थोडे हमाल मरतात, रोज नवे उभे राहतात, आणि मरणाऱ्यांच्या जागी चट्टे पडत जातात. एक दिवस मोंढ्यात वाटच उरत नाही. मग रस्त्यावर गाड्यांची रांग मागे मागे तुंबते: रक्ताचा दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी होतं. त्याला आपण जलोदर म्हणतो. माझ्या शाळेतले एक सहकारी असेच गेले. आयुष्यात दारूचा थेंब नाही, गळ्यात तुळशीची माळ. पण लिव्हरचं दुखणं म्हटल्यावर गाव कुजबुजलंच. ती कुजबुज त्यांना दुखण्याहून जास्त लागली. दारूनं यकृत जळतं हे खरंच आहे, पण जळलेल्या प्रत्येक घराला दारूनंच आग लावली असं नसतं.

मुक्ताला मी त्यातली उजेडाची बाजू सांगितली. बारूक ब्लमबर्ग वेगळंच काही शोधत होता, माणसामाणसांच्या रक्तात फरक काय हे. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्याला एक अनोळखी प्रथिन सापडलं आणि ते निघालं बीचं कवच. त्याला १९७६मध्ये नोबेल मिळालं. त्याचा वाढदिवस २८ जुलै, तोच जागतिक हिपॅटायटीस दिवस. बीची लस आधी परदेशातून यायची आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर असायची. मग आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, वरप्रसाद रेड्डी यांच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली ती पन्नास रुपयांना काढली. २०११पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे. "तू जन्मलीस त्याच दिवशी तुझ्या मांडीत टोचली. रडलीस किती!" सीला लस नाही, पण १९८९मध्ये तो सापडला आणि आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात, २०१८पासून सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. तपासणी करून घ्यायला तेवढं जावं लागतं.

सोळाव्या दिवशी कौसल्यामावशी माळ न्यायला आल्या. उतरलेली माळ वाहत्या पाण्यात सोडायची असते. मुक्तानं वही उघडून वाचून दाखवलं: तिची एक्काहत्तर सेंटिमीटर, खुंटीची चौऱ्याहत्तर.

मावशी खुंटीजवळ गेल्या. एक तुकडा बोटात धरून फिरवला. वाळून बारीक झालेल्या काटकीभोवती गाठ सैल झाली होती आणि गाठीतला दोरा सरकून बाहेर आला होता.

"खुंटीची जास्त कशी गं?"

"मी झोपते ना माळेवर. खुंटी झोपत नाही." मुक्ता म्हणाली. मग टेप गुंडाळता गुंडाळता थांबली. "मावशी, आता एक वाळलेल्या काटक्यांची करून द्या. ती लांबायची नाही, बघा."

"वाळलेल्याची माळ कोण करतं माय?"

तसं म्हणत मावशी खाली बसल्या, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, अंगणातल्या चार काटक्या आणा. कडक वाळलेल्या बघून आणा."